ऑटोमॅटिक घ्यायचं ठरलं, पण कोणती? एएमटी, सीव्हीटी, डीसीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर

शोरूममध्ये ‘ऑटोमॅटिक आहे’ असं कळलं की बहुतेकांचा पुढचा प्रश्न मायलेजचा असतो. त्याआधी विचारायला हवं ते हे, की कोणती ऑटोमॅटिक? क्लचचं पेडल नसलेल्या, आतून-बाहेरून सारख्या दिसणाऱ्या चार गाड्यांमध्ये चार पूर्ण वेगळी यंत्रं बसवलेली असू शकतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी 80 च्या वेगाने निवांत जाताना त्यांच्यातला फरक मागे बसलेल्याला कळणारही नाही. तो कळतो ताशी 10 किलोमीटरच्या खाली: रांगेत इंच-इंच सरकताना, चढावर थांबून पुन्हा निघताना, उतरत्या रॅम्पवरून मागे वर घेताना. गाडीची झीजही बरीचशी तिथेच होते.

कारण साधं आहे. इंजिन मिनिटाला साधारण सातशे-आठशे फेऱ्यांच्या खाली नीट चालत नाही, बंद पडतं. चाकं मात्र थांबलेली असतात. त्यामुळे गाडी जागची हलवताना इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये काहीतरी घसरू द्यावंच लागतं. मॅन्युअलमध्ये ते काम आपला डावा पाय करतो, त्यालाच आपण हाफ क्लच म्हणतो. ऑटोमॅटिकमध्ये पायाचं काम गेलं, घसरण गेली नाही. ती आता कोण सोसतं, हे समजलं की निम्मी निवड झाली.

एएमटीमध्ये ती सोसते जुनी ओळखीची क्लच प्लेट. हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला एक मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा जोडलेली असते आणि तिला कॉम्प्युटर हुकूम देतो. म्हणून ही चौघांत सर्वात स्वस्त, सर्वात हलकी, आणि हिचं मायलेज मॅन्युअलच्या जवळपास जातं. हिची बदनामी आहे ती हिसक्याची. गिअर बदलताना क्लच सुटतो, इंजिनाचा जोर क्षणभर तुटतो, गाडीचं नाक किंचित खाली जातं आणि मग जोर परत येतो. मॅन्युअल चालवताना आपणही हेच करत असतो, पण ते आपल्या हातून होतं म्हणून जाणवत नाही. यावर उपाय आहे. गिअर बदलण्याच्या सुमारास अॅक्सिलरेटरवरचा पाय किंचित हलका करायचा. काही दिवसांत ती लय पायात बसते आणि हिसका बराच मरतो. मागच्या सीटवर मळमळणारं कुणी रोज बसणार असेल, तर मात्र ही निवड दोनदा तपासा.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये घसरण सोसतं तेल. एका बंद भांड्यात समोरासमोर दोन पाती, मध्ये तेल. इंजिनाकडचं पातं तेल फिरवतं, तेल दुसऱ्या पात्याला फिरवतं. कल्पना जुनी आहे, जर्मन इंजिनिअर हेर्मान फ्योटिंगर यांचं 1905 चं पेटंट आणि तेही जहाजांसाठीचं. मधे एक तिसरं पातं तेलाची दिशा वळवतं, त्यामुळे गाडी सुटताना इंजिनाचा जोर वाढून चाकांपर्यंत पोहोचतो. ब्रेक सोडला की गाडी आपोआप, लोण्यासारखी पुढे सरकते ती यामुळेच. तेल झिजून पातळ होणारी प्लेट नव्हे. ते तापतं, कूलरमध्ये जाऊन थंड होतं आणि परत येतं. वेग धरल्यावर आतला लॉक-अप क्लच दोन्ही पाती एकत्र बांधतो, म्हणून ‘ही पेट्रोल पिते’ ही जुनी तक्रार आजच्या सहा-आठ गिअरच्या बॉक्सना तितकीशी लागू पडत नाही. शहरातल्या रांगांमध्ये मात्र थोडं जास्त इंधन जातं, हे धरून चालावं.

सीव्हीटीला ठरावीक गिअरच नसतात. दोन कप्प्या, मध्ये पट्टा. कप्प्या रुंद-अरुंद होतात आणि पट्ट्याचा घेर बदलत राहतो. 1958 साली डाफ कंपनीच्या छोट्या गाडीत हा प्रकार रबरी पट्ट्यांसह आला. आता पट्टा किंवा साखळी पोलादी असते. बहुतेक सीव्हीटींमध्ये पुढे टॉर्क कन्व्हर्टरच बसवलेला असतो, त्यामुळे सुटतानाची घसरण इथेही तेल झेलतं. गिअर पडण्याचा झटका नाहीच, कारण गिअरच पडत नाही. शहरात शांतपणे चालवणाऱ्यासाठी याहून मऊ गाडी मिळणं अवघड. पण पाय जोरात दाबा, इंजिन लगेच ओरडायला लागतं आणि वेग मागून सावकाश येतो. काहींना हा आवाज अजिबात सहन होत नाही. तुम्ही त्यातले असाल तर टेस्ट ड्राइव्हमध्येच कळेल, नंतर सवय होईल या आशेवर घेऊ नका. एक खुलासा इथेच करतो. हायब्रिड गाड्यांच्या माहितीपत्रकात ‘ई-सीव्हीटी’ असं लिहिलेलं असतं. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये असा पट्टा नसतोच. तिथे ग्रहमालेसारखी दातेरी चाकं आणि दोन विद्युत मोटरी हे काम करतात. पट्ट्याच्या सीव्हीटीबद्दल वाचलेल्या तक्रारी तिच्यावर चिकटवू नयेत.

डीसीटी म्हणजे दोन क्लच. एकाकडे एक-तीन-पाच, दुसऱ्याकडे दोन-चार-सहा. तिसरा चालू असतानाच चौथा तयार ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, जोर तुटतच नाही. सर्वसामान्यांच्या गाडीत हा गिअरबॉक्स पहिल्यांदा 2003 च्या फोक्सवॅगन गोल्फ आर 32 मध्ये आला. हायवेवर चालवायला चौघांत सर्वात मजेदार. पण घसरण सोसतात पुन्हा क्लच प्लेटाच, आणि इथे एक प्रश्न विचारल्याशिवाय बुकिंग करू नका: क्लच ड्राय आहेत की वेट? वेट क्लच तेलात बुडलेले असतात, त्यांची उष्णता तेल वाहून नेतं. ड्राय क्लच निव्वळ हवेवर थंड होतात. तासभर रेंगाळणाऱ्या रहदारीत ते तापतात, गाडी थरथरायला लागते, कधी डॅशबोर्डवर ‘गिअरबॉक्स तापला आहे’ अशी सूचना झळकते. विक्रेत्याला उत्तर ठाऊक नसेल तर तांत्रिक माहितीचा कागद मागून घ्या.

आता चौघींना एकाच चढावर उभं करू. समोर रांग आहे, ती दर मिनिटाला गाडीभर पुढे सरकते आहे. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीवाले ब्रेक सोडतात, हलका अॅक्सिलरेटर देतात आणि पुढे जातात. एएमटी आणि डीसीटीवाल्यांना इथे एक वाईट सवय लागते: ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवरच गाडी चढावर तोलून धरायची. गाडी मागे जात नाही, म्हणून वाटतं सगळं ठीक आहे. आत क्लच प्लेट सतत घासली जात असते, आणि थोड्या वेळाने जळक्या ब्रेक लायनरसारखा उग्र वास गाडीत येतो. या दोन्ही प्रकारांत थांबलो की पाय पूर्ण ब्रेकवर, आणि निघताना ठामपणे निघायचं. हिल होल्ड असेल तर तो ब्रेक दोनेक सेकंदच धरून ठेवतो. तेवढ्यात निघालं पाहिजे. एएमटी घेणार असाल तर हिल होल्ड असलेलंच मॉडेल घ्या, त्यासाठी म्युझिक सिस्टिमवर पाणी सोडावं लागलं तरी चालेल.

उतारावर चौघींना नियम एकच. न्यूट्रल टाकायचा नाही. इंजिनाचा अटकाव नाहीसा होतो, सगळा भार ब्रेकवर पडतो, आणि लांब घाटात ब्रेक तापून पकडच सोडतात. इंधनही वाचत नाही. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की इंजिनात इंधन सोडणारं इंजेक्शन बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. खालच्या गिअरमध्ये राहून इंजिनाच्या अटकावाने वेग आवरायला एल (लो), एस (स्पोर्ट) किंवा मॅन्युअल मोड दिलेला असतो.

ओव्हरटेक करताना क्रम बदलतो. डीसीटी पहिली, आधुनिक टॉर्क कन्व्हर्टर तिच्या मागोमाग, सीव्हीटी आवाज करत पण न तुटता, एएमटी शेवटी. एएमटीत पाय दाबल्यावर ती आधी विचार करते, मग गिअर उतरवते, मग पळते. तो विचार समोरून वाहन येत असताना नको. लेन सोडण्याआधीच मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर खाली घ्या आणि मगच बाहेर पडा. मॅन्युअल मोड नसेल तर पुढची जागा नेहमीपेक्षा मोठी असल्याशिवाय जाऊच नका.

देखभालीत सर्वात सोपी एएमटी. क्लच प्लेट कुठलाही जाणता मेकॅनिक बदलतो. फक्त नंतर स्कॅनर लावून कॉम्प्युटरला नव्या प्लेटची ओळख करून द्यावी लागते, आणि बिलावर ते काम लिहिलेलं आहे का बघावं. टॉर्क कन्व्हर्टरच्या तेलाबद्दल ‘आयुष्यभर बदलायला नको’ असं ऐकवलं जातं, त्यावर माझा विश्वास नाही. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतःच आपल्या ऑटोमॅटिक बॉक्सचं तेल 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा 8 वर्षांत बदलायला सांगते. सीव्हीटीत तर तेलच सगळं काही आहे. पट्टा आणि कप्पी यांच्यातली पकड त्या विशिष्ट तेलावर अवलंबून असते. दुसरं ‘चालेल असं’ तेल ओतलं तर बॉक्स जातो. आणि तो गेला की दुरुस्तीपेक्षा अख्खा बदलण्याचीच वेळ अनेकदा येते.

दोन-चार गोष्टी चौघींना सारख्याच लागू. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायानेच, डावा पाय स्वस्थ. दोन पायांनी चालवणाऱ्याचा गोंधळ नेमका घाबरलेल्या क्षणी होतो. चढ-उतारावर पार्क करताना ब्रेक दाबून ठेवा, हॅन्डब्रेक ओढा आणि मगच पी (पार्किंग) टाका. नाहीतर सगळी गाडी आतल्या एका छोट्या खिळीवर टांगून राहते आणि निघताना ‘कट्’ असा आवाज येतो. बहुतेक एएमटींमध्ये पी नसतोच, तिथे गाडी गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करायचं. बॅटरी उतरली तर धक्का मारून चालू करण्याच्या फंदात पडू नका, दुसऱ्या बॅटरीला जोडणारी जम्पर केबल लावा.

माझा कौल असा. बजेट आवळलेलं आणि चालवणारा एकच, शांत डोक्याचा असेल तर एएमटी. रोज रांगेत अडकणं, घरात तीन जण चालवणारे, नवशिकेही त्यात, तर सीव्हीटी. डोंगराळ रस्ते, भरलेली गाडी, दहा वर्षं ठेवायची असेल तर टॉर्क कन्व्हर्टर, थोडे पैसे जास्त गेले तरी. डीसीटी हायवेवाल्यांसाठी, आणि तीही वेट क्लचचीच. जुनी घेत असाल तर शहरात राबलेली ड्राय क्लच डीसीटी मी सोडून देईन. जुन्या सीव्हीटीचं तेल बदलल्याच्या पावत्या नसतील तर तीही. जुन्या एएमटीच्या किमतीत नव्या क्लचचा खर्च आधीच वजा करून बोलायचं.

टेस्ट ड्राइव्हला विक्रेता मोकळ्या रस्त्यावर नेईल, त्याला गर्दीकडे वळायला लावा. पाच मिनिटं नुसती सरकवून बघा. मग एखाद्या चढावर पूर्ण थांबा, निघा, आणि शेवटी तोच चढ रिव्हर्समध्ये हळूहळू, भिंतीपासून हातभर अंतरापर्यंत चढवून दाखवा. जुनी गाडी असेल तर सकाळी इंजिन थंड असताना जा, विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. ब्रेक दाबून डी (पुढे) आणि आर (रिव्हर्स) आलटून-पालटून टाका. गिअर धरायला सेकंदाहून जास्त लागला किंवा धाडकन बसला, तर किंमत कितीही उतरवली तरी ती गाडी नको.