घरी बनवलेली पवनचक्की: सड्यावर दोन पावसाळे वापरून

आमची वस्ती पाटण तालुक्यात सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या पठारावर. समोर वनकुसवड्याच्या मोठ्या पवनचक्क्या ओळीनं फिरताना दिसतात आणि गंमत बघा, आमची लाईट पावसाळ्यात एकदा गेली की चार चार दिवस येत नाही. गोठ्यावर १०० वॅटचं सोलर पॅनल आहे पण जून ते ऑगस्ट इथं नुसतं धुकं, पॅनल असून नसल्यासारखं, आणि वारा मात्र तेव्हाच झोडपतो. म्हणून म्हटलं घरीच छोटी चक्की करू. व्हिडिओत सगळे चालू झालेलीच चक्की दाखवतात, म्हणून हे लिहितोय.

पहिला फटका मोटरीत बसला (मोटर पात्यांनी फिरवली की तीच वीज देते). इलेक्ट्रिक सायकलला लावतात ती २४ व्होल्ट २५० वॅटची मोटर ऑनलाईन मागवली, विकणाऱ्यानं वर्णनात लिहिलेलं की पवनचक्कीला एकदम बेस्ट. मोटर वाईट नाहीये, पण तिच्या स्टिकरवरच २६५० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्या, छापलंय आणि ते मी नीट वाचलंच नाही. २६५० फेऱ्यांना २४ व्होल्ट, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीत करंट ढकलायला निदान साडेचौदाशे फेऱ्या पाहिजेत, आणि सव्वा मीटर व्यासाची चक्की चांगल्या वाऱ्यात पाचसहाशेच्या पुढं जात नाही. पाती गरगर फिरतायत आणि मीटरवर ५ व्होल्ट. वडील खालनं म्हणाले, "आरं, फॅन वर टांगलायस, आता हवा कुणाला घालायची?"

मग पुण्याच्या जुन्या बाजारातनं ट्रेडमिलची जुनी मोटर आणली, दीड हजारात, १८० व्होल्टवाली. ही खरी कामाची. हिला पाचशे फेऱ्या मिळाल्या की बॅटरी न जोडता मोजलं तर २० च्या वर व्होल्ट येतात. पण डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा पार्ट, लावायचा राहिला. एका संध्याकाळी वारा ठार पडलेला, झाडाचं पान हलत नाही आणि चक्की आपली मजेत फिरतीय, बॅटरी खाऊन. वडिलांचा फॅन खरा झाला! आता तारेत डायोड आहे, पन्नास रुपयाची वस्तू, ती आधी घ्या.

पाती १६० एमएमच्या पीव्हीसी पाईपची, करवतीनं कापून कानशीनं घासलेली. तिन्ही किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून सारखी करून घेतली, नाहीतर खांब थरथरतो. पहिला सेट ऑगस्टमध्ये बोल्टच्या भोकापाशी तडकला आणि एक पातं थेट शेजारच्यांच्या भातात गेलं, नशीब कुणी तिथं नव्हतं. खांब घराला बांधू नका, मी आधी बांधलेला, रात्रभर भिंतीतनं घुं घुं आवाज. आता २० फुटी जीआय पाईप घरापासनं लांब, चारी बाजूनी तारेचे ताण.

कंट्रोलर, म्हणजे बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा डबा, त्याबद्दल जरा नीट ऐका. सोलरचा साधा कंट्रोलर इथं चालत नाही कारण बॅटरी भरली की तो लाईन तोडतो आणि चक्कीवरचा भार गेला की ती सुसाट सुटते. चक्कीच्या कंट्रोलरला जास्तीची वीज दुसरीकडं जाळायला सोय असते, मी तिथं जुन्या हेडलाईटचे दोन बल्ब लावलेत. आणि खाली एक मोठा स्विच, तो मोटरच्या दोन्ही तारा एकमेकीला जोडतो, तोच ब्रेक. मात्र वावटळ यायच्या आधी मारा, सुसाट फिरत असताना नको.

मिळतं किती? मंद वाऱ्यात अर्धा अँपियरसुद्धा नाही, बऱ्या वाऱ्यात दोन-तीन, जुलैच्या झोडप्यात सात-आठ. वारा दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते, त्यामुळं दिवसभर झुळूक असण्यापेक्षा दोन तास सपाटून वाहिलेला वारा जास्त देऊन जातो. आमचे पाच वॅटचे तीन एलईडी बल्ब सहा तास लावले तर साडेसात अँपियर-अवर लागतात. जुलैत ते सहज निघतात, गोठ्यात रात्री म्हैस विण्याच्या वेळी उजेड असणं काय असतं ते ज्याच्याकडं म्हशी आहेत त्यालाच कळेल. बॅटरी इन्व्हर्टरची जुनी काढून टाकलेली, गाडीची वापरू नका, रोज खाली-वर करून लवकर मरते.

पहिली मोटर धरून नऊ हजारांच्या आसपास गेले. पावसाळ्यात पाचपैकी चार स्टार. दिवाळीनंतर एक, तोसुद्धा दिसायला बरी दिसते म्हणून. पुण्यात बिल्डिंगच्या गच्चीवर लावायची म्हणून दोघातिघांनी विचारलं, त्यांना सरळ सोलर घ्यायला सांगितलं, आजूबाजूच्या इमारतींनी वारा पार फाटून येतो तिथं.

यंदा पाती उतरवून माळ्यावर ठेवलीत. मोटरचं पुढचं बेअरिंग कुरकुरतंय, शाफ्टवरनं पाणी आत गेलेलं दिसतंय, मे महिन्यात बदलणार आणि वरनं डब्याचं झाकण कापून टोपी करणार.