मर्सिडीज ई-220 (1996) : अकरा वर्षं वापरल्यानंतर

महिन्यातून एखादा तरी फोन येतोच. "दोन-अडीच लाखांत जुनी मर्सिडीज मिळतेय, घेऊ का?" मी सांगतो, गाडीचं नंतर बघू, आधी मालक कसा आहे ते सांग. पुढचं बोलणं मग तासभर चालतं. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतोय.

माझी गाडी 1996ची, एमएच-12 पासिंगची, पेट्रोल. डब्ल्यू-124 या बांधणीची. मर्सिडीजने टेल्कोला (पुढे तिचंच नाव टाटा मोटर्स झालं) जोडीला घेऊन 1994 मध्ये भारतात कंपनी काढली आणि 1995पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात हीच गाडी जोडायला घेतली. तिकडे जर्मनीत ती 1984च्या अखेरीला आली होती आणि 1995 मध्ये तिच्या जागी पुढचं मॉडेलही आलं होतं. आपल्या माथी जुना माल मारला म्हणून तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. मला मात्र वाटतं, आपल्या पदरात चांगलंच पडलं. त्या वेळी मी फौंड्रीतल्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, नमुने पिशवीत घालून एस.टी.ने पिंपरीला जायचो. एकदा गेटमधून ही गाडी बाहेर पडताना पाहिली आणि तिथेच मनात भरली.

घेतली ती 2014 मध्ये, पुण्याच्या एका गृहस्थाकडून, 2 लाख 60 हजारांना. मी चौथा मालक. गाडी दिसायला नवरीसारखी. पॉलिश केलेली, नवी सीट कव्हरं, भल्यामोठ्या स्क्रीनचा म्युझिक सिस्टिम, बॉनेटखाली सगळं धुऊन चकचकीत स्प्रे मारलेला. त्या चकाकीलाच मी भुललो. फौंड्रीवाल्या माणसाने तरी भुलायला नको होतं. कास्टिंगला रंग मारून आणलेलं असेल तर आम्ही आधी रंग खरवडून बघतो, आत ब्लो-होल, म्हणजे ओतताना राहिलेली हवेची पोकळी, बुजवलेला असतो.

पुण्याहून कोल्हापूरला येताना खंबाटकीचा घाट चढावा लागतो. अर्ध्या चढावर तापमानाची सुई 80 सोडून वर सरकायला लागली. एसी बंद केला, हिटर पूर्ण उघडला, तरी सुई थांबेना. गाडी कडेला घेतली तेवढ्यात बॉनेटखालून वाफेचा लोट आला. रेडिएटरला वरचा जाड पाइप जिथे बसतो, ती प्लास्टिकची मान तुटली होती. या गाडीचं हे जुनं दुखणं आहे. वर्षानुवर्षं तापून-गार होऊन ते प्लास्टिक पापडासारखं कडकडीत होतं. जाणता मालक ते तुटायची वाट बघत नाही, वेळेत रेडिएटर बदलतो. आधीच्या मालकाने तिथे एम-सील लिंपून वर काळा रंग दिला होता.

गाडी टोइंग करून कोल्हापुरातल्या उद्यमनगरात, म्हणजे वर्कशॉपांच्या वस्तीत, आणली. ज्यांच्याकडे आणली त्यांचं नाव इथे देत नाही, कारण त्यांनीच नको म्हणून सांगितलंय. जागा दोन गाड्यांची आणि हात दोन माणसांचे, गर्दी झाली की काम बिघडतं असं त्यांचं म्हणणं. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामांनी खालचा ड्रेन उघडला तर चहासारखं पाणी आलं. कूलंट नव्हतंच, निव्वळ बोअरचं पाणी. "सायेब, ह्ये पाणी न्हवं, गंज हाय," एवढंच बोलून त्यांनी थर्मोस्टॅटची टोपी काढली. आत थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, नव्हताच! गाडी तापते म्हणून कुठल्या तरी मिस्त्रीने तो काढून फेकला होता. टोपीच्या आतून बोट फिरवलं तर अंघोळीच्या बंबाच्या तळाशी बसतो तसा क्षाराचा पांढरा-तांबूस थर हाताला लागला.

आता हे पाण्याचं प्रकरण जरा खोलात जाऊन सांगतो, कारण जुन्या गाड्या याच्यातच मरतात. या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे खालचा मुख्य भाग, ओतीव लोखंडाचा आणि त्यावर बसणारं हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. दोघांच्या मध्ये सांधा घट्ट ठेवणारं पातळ हेड गॅस्केट असतं, आणि ही ओढाताण ते बिचारं रोज सोसत असतं. कूलंट म्हणजे रंगीत पाणी नव्हे. ते उशिरा उकळतं, शिवाय त्यातली रसायनं दोन्ही धातूंना गंजापासून वाचवतात. साधं पाणी घातलं की आधी गंज, मग क्षार, मग बारीक वाटा बुजतात आणि हेडचा एखादा कोपरा बाकीच्यापेक्षा जास्त तापतो. थर्मोस्टॅट काढला की सपाट रस्त्यावर सुई खाली राहते, मालक खूश होतो आणि रोग आतल्या आत वाढत राहतो. घाट लागला की सगळं बाहेर येतं.

हेड उतरवलं. मामांनी त्यावर सरळपट्टी उभी धरली आणि खाली फीलर गेजची, म्हणजे बारीक फट मोजायच्या पट्ट्यांतली, पात घालून बघितली. दोन्ही टोकांना शिरत नव्हती, मधे आल्यावर अलगद आत सरकली. मला बोलावून माझ्या हातात पात दिली, "तुमीच बघा." आपल्या कारखान्यात रोज बघतो तीच गोष्ट आपल्याच गाडीत बघताना पोटात खड्डा पडला. नशिबाने वाक थोडाच होता. हेड चार गल्ल्या पलीकडे फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, आणलं, आणि उद्यमनगरसारखी जागा हाताशी असल्याचं मला त्या दिवशी फार समाधान वाटलं. नवा रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळे होज आणि गॅस्केट सेट धरून 1 लाख 10 हजार झाले. आधीच्या मालकाने वर्षाकाठी दोन-अडीच हजारांचं कूलंट वाचवलं होतं.

तेव्हाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. गाडीची किंमत पडते, तिच्या पार्टची पडत नाही. आज ही गाडी एखाद्या स्कूटरच्या दोन-तीनपट पैशांत मिळेल, पण तिला लागणारा पार्ट मर्सिडीजच्याच भावाने येतो. हे ठाऊक नसताना लोक गाडी घेतात. पहिलं मोठं बिल बघितलं की हात आखडतात आणि लांबणीवर टाकतात. थोडं थोडं लांबणीवर पडत गाडी तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे जाते, आणि तोपर्यंत आधीच्या सगळ्यांची थकबाकी एकाच्या गळ्यात पडते. माझ्या गळ्यात पडली ती अशीच.

थकबाकीचा दुसरा हप्ता पुढच्या पावसाळ्यात आला. इंजिन मिसिंग करायला लागलं, कधी बंदच पडायचं. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. त्यांनी बॉनेट उघडून पाच मिनिटं बघितलं आणि "इतक्या जुन्या गाडीवर खर्च करू नका" म्हणून परत पाठवली. मामांनी मात्र इंजिनावरच्या वायरिंगची काळी नळी ब्लेडने दोन बोटं चिरली आणि वायर हलकेच वाकवली. वायरीवरचं आवरण जुन्या शेवेसारखं कुडकुड तुटून त्यांच्या तळहातावर पडलं. आत तांबं उघडं, एकमेकाला टेकलेलं. 1992 ते 1995-96च्या मर्सिडीज गाड्यांमध्ये वायरिंगचं आवरणच असं होतं की उष्णतेने काही वर्षांत त्याचा भुगा होतो. ही चूक मालकाची नाही, बनवणाऱ्याची आहे, आणि गाडीचं गुणगान करतानाही ती सांगितलीच पाहिजे. घेणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा : इंजिनचं वायरिंग बदललंय का? आमच्याकडच्या वायरमनने मूळ कनेक्टर तसेच ठेवले आणि उष्णता सोसणाऱ्या नव्या वायरी एकेक करून ओढल्या. नऊ दिवस लागले. त्यानंतर आजतागायत एकदाही बंद पडली नाही.

आता गाडीविषयी. सीटवर बसून कोल्हापूर-मुंबई करा, उतरताना पाठ धरत नाही. दरवाजा लावला की तिजोरीचा आवाज येतो, तो अजून तसाच आहे. पुढची चाकं इतकी वळतात की महाद्वार रोडसारख्या गर्दीत एवढी मोठी गाडी एका दमात फिरते. स्टिअरिंग संथ आहे, ज्याला झटपट वळणारी गाडी लागते त्याला आवडणार नाही. एप्रिलच्या दुपारी एसी कमी पडतो. शहरात लिटरला आठ-नऊच्या वर जात नाही. पण गगनबावड्याच्या रस्त्यावर खड्ड्यातून जाताना ती ज्या शांतपणे धक्का गिळते, तसं मी आजच्या तिप्पट किमतीच्या गाड्यांतही अनुभवलेलं नाही.

आणि तिचा वायपर! काचेला एकच वायपर आहे, पण फिरता फिरता तो लांब-आखूड होतो आणि वरच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत पोचतो. राधानगरीकडचा पाऊस अंगावर घेतलेल्या माणसालाच त्याची किंमत कळेल. त्याच्या मुळाशी गिअरची डबी आहे, तिला ग्रीस लागतं. माझ्याकडे आला तेव्हा जाम झालेला होता, आतलं ग्रीस मेणासारखं थिजलेलं. साफ करून नवं भरायला दोनशे रुपयेही लागले नाहीत. असलं काम वेळेवर झालं नाही की मोटर जळते आणि खर्च हजारांत जातो. दरवर्षी मृग लागायच्या आत हे मी स्वतः करतो.

आमच्या कारखान्यात भट्टीचं लायनिंग, म्हणजे आतलं अस्तर, फुटायची वाट बघत नाहीत. किती हीट, म्हणजे लोखंड वितळवायच्या खेपा, झाल्या ते मोजून बदलतात, कारण फुटलं तर वितळलेलं लोखंड जमिनीवर येतं. गाडीचंही मी तेच धोरण ठेवलंय. एक दोनशे पानी वही आहे. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, कारण ते हवेतला ओलावा पितं आणि आपल्याकडे चार महिने ओलावाच ओलावा असतो. कूलंट ठरल्या तारखेला, डिस्टिल्ड पाण्यात. गाडीखालच्या लांब शाफ्टच्या दोन्ही टोकांना सहा-सहा भोकांच्या रबरी चकत्या असतात. दर सर्व्हिसला टॉर्च मारून त्यांच्या चिरा बघायच्या, चीर दिसली की चकती बदलायची. ती तुटली तर शाफ्ट खालून बडवायला लागतो. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल आलंय, तिशीतल्या रबराला ते मानवेल यावर मी विसंबलो नाही, पेट्रोलचे होज नवे घालून घेतले. टाकीही महिनोन् महिने भरून ठेवत नाही. नोंदणीचा खर्चही हिशेबात धरावा लागतो. 20 वर्षांपुढच्या चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी 2025 मध्ये 10,000 रुपये झाली, शिवाय पर्यावरण कर आणि फिटनेस वेगळं.

नव्या पिढीच्या गाड्यांची तऱ्हा आणखी अवघड आहे. माझ्या एका डॉक्टर मित्राकडे हवेच्या सस्पेन्शनची एस-क्लास होती. सकाळी बघावं तर पुढचा एक कोपरा खाली बसलेला. सुरू केली की पाच मिनिटांत वर यायची, म्हणून त्याने दोन वर्षं दुर्लक्ष केलं. ज्या हवेच्या रबरी फुग्यावर तो कोपरा तोललेला असतो, त्याला बारीक चीर होती. तिथून निसटणारी हवा भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा धावत राहिला आणि एक दिवस जळाला. एका फुग्याचं काम होतं, ते दोन फुगे आणि कॉम्प्रेसरवर गेलं. शेवटी त्याने ती मिळेल त्या भावाला काढली. दुसऱ्याकडे बीएमडब्ल्यू आहे. गिअरबॉक्सचं ऑइल "आयुष्यभराचं" आहे असं त्याला कोणीतरी सांगितलेलं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला ऑइल बदला म्हणते. मी मागे लागून त्याला बदलायला लावलं. खाली आलेलं ऑइल डांबरासारखं काळं होतं.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो झाकून ठेवलेल्या गाड्यांसाठी. वडील गेले, मुलगा परदेशात, गाडी बंगल्याच्या शेडमध्ये कव्हरखाली. घरच्यांना वाटतं, जपून ठेवलीय. गेल्या वर्षी अशी एक बघायला गेलो होतो. टायरची नक्षी पूर्ण शाबूत, हात फिरवला तर नवे वाटावेत. बाजूवर चार आकडे होते, 3209. म्हणजे 2009चा बत्तिसावा आठवडा. उंदरांनी सीटखाली घर केलेलं, ब्रेक चिकटलेले, ऑइल सीलं वाळलेली. त्या माउली मला म्हणाल्या, "ह्यांनी कधी कोणाला हात लावू दिला नाही हो." मला उत्तर देता आलं नाही. आठवड्यातून एकदा कोणी दहा किलोमीटर फिरवून आणली असती तरी ती वाचली असती.

तर, घेऊ का? दर वर्षी साठ-सत्तर हजार बाजूला काढता येत असतील, जवळ एखादा हाताचा सच्चा मिस्त्री असेल आणि रोजच्या कामाला दुसरी गाडी असेल, तर जरूर घ्या. अकरा वर्षांत 89,000 किलोमीटर झाले, मला एकाही दिवसाचा पश्चात्ताप नाही.

बघायला जाल तेव्हा सकाळी लवकर जा आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की गाडी आधी सुरू करू नका. इंजिनाला हात लावून गार असल्याची खात्री करा, मग कूलंटचं झाकण उघडून आत बोट बुडवा. बोट तांबूस निघालं तर चहा घ्या आणि परत या. स्वच्छ निघालं तर वही मागा, नाहीतर बिलांची पिशवी तरी. ती त्यांनी शोधायला न लागता काढून दिली, तर मग मला फोन करा. मामांना घेऊन मीच येतो.