मालवणात राहून इंग्रजीचे एम. ए. : इग्नूच्या अभ्यासक्रमाविषयी

मालवण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत असताना मी जुलै 2017 मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, म्हणजे इग्नूच्या, इंग्रजी एम. ए.ला प्रवेश घेतला आणि ते पूर्ण झाल्यावर तिथलीच इंग्रजी सर्जनशील लेखनाची पदविकाही केली. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला या एम. ए.ला प्रवेश मिळत असल्यामुळे माझी बी. एस्सी. आड आली नाही. नोकरी आणि घर सोडून मुंबई-पुण्याला जाऊन शिकणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

माझ्या वेळी हा अभ्यासक्रम 64 श्रेयांकांचा होता. एका श्रेयांकाला 30 तासांचा अभ्यास धरला जातो, म्हणजे एकूण 1,920 तास. दोन वर्षांत संपवायचे तर रोज अडीच तासांहून अधिक वेळ काढावा लागतो. पहिल्या वर्षी ब्रिटिश कविता, नाटक, कादंबरी आणि भाषेचा अभ्यास, तर दुसऱ्या वर्षी साहित्यसमीक्षा आणि निवडीचे विषय होते. अंतिम गुणांत स्वाध्यायांचा वाटा 30 टक्के आणि सत्रान्त परीक्षेचा 70 टक्के असतो.

माझ्या मते या अभ्यासक्रमाचे खरे बळ स्वाध्यायांत आहे. ते हाताने लिहून द्यावे लागतात आणि त्या संथपणाचा मला फार उपयोग झाला. कवितेवरच्या माझ्या पहिल्याच स्वाध्यायात मी कवीच्या काळाविषयी दीड पान लिहिले होते. तपासणाऱ्यांनी समासात लाल शाईने एवढेच लिहिले होते की यात कविता कुठे आहे. त्यानंतर एक ओळ तरी समोर ठेवल्याशिवाय मी कोणतेही विधान केले नाही.

एम. ए. उत्तम वाचायला शिकवते. लिहायला शिकवणे हे त्याचे काम नाही आणि तशी अपेक्षा ठेवून प्रवेश घेणाऱ्याची निराशा होईल. त्यासाठी पदविका आहे. तिच्यात लेखनाची सर्वसाधारण तत्त्वे, फीचर, कथा, कविता आणि रेडिओ-दूरचित्रवाणीसाठीचे लेखन असे विषय आहेत. तिथे मी रापणीवर एक कथा लिहिली. इंग्रजी वाचकाला कळावे म्हणून पहिल्या खर्ड्यात ‘जाळे टाकून मासेमारी’ एवढ्यावर भागवले आणि कथा निर्जीव झाली. मग रापण हा शब्द तसाच ठेवला आणि समुद्रात वळसा घालून सोडलेले जाळे, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर धरून वाळूत दोन रांगांत उभी असलेली माणसे, ओढता ओढता हळूहळू जवळ येणाऱ्या त्या रांगा, हे सारे क्रमाने लिहिले. अर्थ सांगणारी तळटीप लागलीच नाही. (मराठीत लिहितानाही आता मी हेच करते.)

उणीव एकच, पण मोठी आहे. लिहिणाऱ्याला आपला खर्डा मोठ्याने वाचून दाखवायला आणि दुसऱ्याचा ऐकायला चार माणसे लागतात. दूरशिक्षणाच्या चौकटीत ती मिळत नाहीत. आम्ही तिघी शिक्षिकांनी महिन्यातून एका रविवारी एकत्र बसायला सुरुवात केली, तेव्हा कुठे माझी कथा सुधारू लागली. अशी सोबत आधी शोधावी आणि मगच पदविकेचा अर्ज भरावा.

परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात. आपल्याकडे मे महिना आंबा-काजूच्या हंगामात आणि पाहुण्यांत जातो, जूनमध्ये पाऊस सुरू झाला की दोन-दोन दिवस वीज नसते. म्हणून अवघड विषय डिसेंबरसाठी ठेवून दिवाळीच्या सुट्टीत त्यांची तयारी करावी. पाठ्यसाहित्य ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येते. शुल्क भरण्यापूर्वी समीक्षेच्या विषयाचे दोन घटक तिथे वाचून पाहावेत, कारण सर्वांत जास्त दमछाक त्याच विषयात होते.