इंद्रजालचा ‘फुल रन’ घेताय? पैसे पाठवण्याआधी हे वाचा

टोकन 5,000, मग 25,000, माल निघाला म्हटल्यावर उरलेले 8,500, आणि वर कुरियर-इन्शुरन्सचे म्हणून 1,150. एकूण 39,650 रुपये. एवढे पैसे मी रंगीत झेरॉक्ससाठी मोजलेत.

विकायला होते इंद्रजाल कॉमिक्सचे इंग्रजी अंक, क्रमांक 1 ते 150, म्हणजे ‘फुल रन’, मधला एकही अंक न गाळलेला संच. मार्च 1964 चा पहिला वेताळ (फँटम) त्यात. पुढची कहाणी तुम्हाला ठाऊकच असेल: काका वारले, घर रिकामं करायचंय, दुसरं गिऱ्हाईक 45,000 द्यायला तयार आहे, पण ‘तुम्ही खरे कलेक्टर वाटता’.

एरवी असल्यांना मी भीक घालत नाही. पण हा माणूस आपली भाषा बोलत होता. की इश्यू (महत्त्वाचा अंक), व्हीजी प्लस (बऱ्यापैकी चांगल्या स्थितीची ग्रेड), अनरिस्टोर्ड (डागडुजी न केलेला), स्पाइन रोल (कण्याला आलेला पीळ), फॉक्सिंग (कागदावरचे तपकिरी डाग). बी. गोविंद यांची मुखपृष्ठं, मलपृष्ठावरचे न कापलेले पिन-अप, वेताळाच्या बंगाला देशाची ‘डेंकाली’ कशी झाली, सगळं त्याला तोंडपाठ. ‘पहिल्या अंकाला नीअर मिंट, म्हणजे जवळजवळ नवाकोरा, म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू?’ हेही त्यानेच सांगितलं. स्वतःच्या मालातली खोट आपणहून सांगणाऱ्यावर संशय घेणार कोण?

व्हिडिओ कॉलवर मी म्हटलं, मधलं पान उघडा, सेंटरफोल्ड बघू दे. तो म्हणाला, ‘दादा, पिना गंजल्यात. उघडलं तर पान सुटेल, मग तुम्हीच भाव पाडाल.’

तिथेच फोन ठेवायला हवा होता. ते वाक्य आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. पण साठ वर्षांच्या कागदाबाबत ते शंभर टक्के खरंही आहे. माझ्या अंकांना कुणी हात लावायला आलं की मीही हेच सांगतो, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं. पिन गंजलीय म्हणणाऱ्याकडे त्या पिनेचाच जवळून फोटो मागा.

दुसरी खूण यादीत होती. ‘सलग, एकही गॅप नाही.’ अहो, 123 आणि 124 हे अंक संपामुळे निघालेच नव्हते! क्रमांक 805 पर्यंत गेले, अंक निघाले 803. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण समोर पहिला अंक दिसत असताना दीडशे ओळींतल्या 123 व्या ओळीकडे कुणाचं लक्ष जातं? यादी आली की आधी हे दोन क्रमांक बघा.

खोक्यात वरचा थर खरा निघाला, पण ऐंशीच्या दशकातले, कुठल्याही जुन्या पुस्तकवाल्याकडे मिळतील असे अंक. खाली सगळा खोटा माल. पहिल्या अंकाची पिन नवी, चकचकीत, आणि तिच्याभोवतीचा गंजाचा डाग चक्क छापलेला. जुन्या कुणा मालकाने पेनने केलेली सही भिंगाखाली धरली तर नुसते ठिपके. घडीची रेघ दिसते, बोट फिरवलं तर गुळगुळीत. इंटरनेटवरच्या स्कॅनचे प्रिंट काढून चहाच्या पाण्यातून काढलेत.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: ‘पोरांच्या पुस्तकांना चाळीस हजार?’ मागे कुणीतरी हसलं. मग म्हणे माल मिळालाय ना, मग ही दिवाणी बाब. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 कशासाठी आहे मग? नकली मोबाईल आला असता तर असंच म्हणाले असते का? नंतर म्हणे नकली आहे असा तज्ज्ञाचा दाखला आणा. कुठून आणू? अमेरिकेत सीजीसीसारख्या कंपन्या अंक तपासतात, 10 पैकी ग्रेड देतात, सीलबंद करून हातात ठेवतात. इथे मी भिंग घेऊन टेबलापाशी उभा, आणि साहेब ते हातातही घ्यायला तयार नाहीत. खातं परराज्यातलं, म्हणून तिकडे जा. बँक म्हणते पिन नंबर तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमचाच. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तोवर खात्यात दमडी उरली नव्हती. संशय आला की त्याच मिनिटाला 1930 फिरवा, पार्सल उघडायची वाट बघू नका. आणि हप्त्याहप्त्याने पैसे मागणाऱ्याला दुसरा हप्ता देऊच नका.

तेच फोटो आता नव्या नावाने पुन्हा विक्रीला लागलेत, किंमत 42,000. खाली निळी सतरंजी, पहिल्या अंकाच्या उजव्या कोपऱ्यात कपाचा गोल डाग. त्याने तुम्हाला खातं क्रमांक दिला तर एक रुपयाही न पाठवता तो मला कळवा, माझ्या तक्रारीला जोडायचा आहे.