घरात पोपट, बाहेर कोंबड्या: गावरान जास्त धोक्याच्या की ब्रॉयलरची शेड?

शहरातून गावी राहायला जायचंय, सोबत कॉकाटेल किंवा बजी (पिंजऱ्यात पाळतात ते छोटे परदेशी पोपट) आहे आणि तिथे कोंबड्या आधीपासून आहेत, अशा वेळी सगळे हेच विचारतात की गावरान कोंबड्या चालतील का ब्रॉयलर शेडच्या जवळचं घर परवडेल. माझं मत आधीच सांगते. अंगणात मोकळ्या फिरणाऱ्या चार गावरान कोंबड्या पोपटाला दोनशे मीटरवरच्या बंद शेडपेक्षा जास्त धोक्याच्या. उलटं वाटेल, कारण गावरान म्हणजे निरोगी हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. (पोपट म्हणजे इथे परदेशी जातीचेच, आपला हिरवा देशी पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे.)

गावरान कोंबडी दिवसभर उकिरड्यावर असते, कावळे, साळुंक्या, बदकं सगळ्यांसोबत एकाच डबक्यातलं पाणी पिते आणि बऱ्याच घरी तिला एकही लस दिलेली नसते. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मरून पडले ते बर्ड फ्लूनेच, आणि असाच एखादा कावळा तुमच्या अंगणातही उतरतो. शिवाय कोंबडी वर्षानुवर्षं तिथेच राहते, त्यामुळे जंतांची अंडी मातीत मुरत जातात आणि महिनोनमहिने तशीच टिकतात.

हे मी स्वतः भोगलंय. दिवाळीत कॉकाटेलचा पिंजरा पडवीत टांगला होता, तो राळं खाताना निम्मं खाली सांडायचा आणि ते टिपायला कोंबड्या बरोबर पिंजऱ्याखाली जमायच्या, आम्हाला सगळ्यांना त्याचं कौतुक. दुपारी त्याला खाली सोडलं की तोही त्याच जमिनीवरचे दाणे उचलायचा. काही आठवड्यांत छातीचं हाड हाताला लागायला लागलं, शीट पातळ. व्हेटने शीट मायक्रोस्कोपखाली बघितली तर गोलकृमीची अंडी! आईने लगेच कोंबड्यांचं जंताचं औषध पुढे केलं, ते व्हेटने थांबवलं. फेनबेंडाझोलसारखी औषधं काही छोट्या पक्ष्यांना झेपत नाहीत, डोस वजन करूनच ठरवावा लागतो. म्हणून कोंबड्यांची बाटली पोपटाला कधीच नाही.

ब्रॉयलर शेडचं गणित वेगळं. सगळे पक्षी एकाच वयाचे, लस दिलेली, साधारण चाळीस दिवसांत शेड रिकामी होऊन धुतली जाते. पण रोग शिरलाच तर हजारो पक्षी एकदम, म्हणजे विषाणूही तेवढा प्रचंड. आणि लसीमुळे कोंबडी आजारी दिसत नाही, पण मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा विषाणू तिच्या शीटेतून तरीही बाहेर पडू शकतो. लोक शेडकडेच बघत बसतात, मला मात्र कोंबडीखताची जास्त भीती वाटते. शेड लांब असते हो, पण तेच खत ट्रॉलीने येऊन तुमच्या खिडकीखालच्या शेतात पडतं आणि वाळलं की धूळ घरात. घर बघायला जाल तेव्हा शेजारच्या शेतात काय टाकतात ते नक्की विचारा.

शेड तुमची स्वतःचीच असेल तर माझ्याकडून स्पष्ट नाही. इथे धोका उलट्या दिशेने जातो. काही पोपट राणीखेतचा विषाणू वरून ठणठणीत दिसत महिनोनमहिने बाहेर टाकत राहतात. कॅलिफोर्नियात १९७१ मध्ये आयात केलेल्या पोपटांवरून ही साथ कोंबड्यांत गेली आणि ती आटोक्यात आणायला सुमारे १ कोटी २० लाख पक्षी मारावे लागले. बदकं किंवा टर्की असतील तर पोपटाकडून सिटॅकोसिस हा जिवाणूंचा आजारही जाऊ शकतो, कोंबड्यांना तो तुलनेने कमी होतो. माणसालाही होतो, म्हणून धूळ उडू नये यासाठी पिंजऱ्यातला पेपर आधी ओला करायचा आणि मग उचलायचा.

काही गोष्टींची उगाच धास्ती नको. कोंबड्यांची कॉक्सी (आतड्यातल्या परजीवींमुळे होणारी हगवण) सहसा पोपटाला होत नाही, पोपटाचा पिसं गळण्याचा पीबीएफडी कोंबड्यांना होत नाही.

तरी गावरान कोंबड्या ठेवायच्याच असतील तर पिंजरा घराच्या आत, खिडकीला जाळी, पोपट जमिनीवर सोडायचा नाही आणि राळ्याचा डबा कोंबड्यांच्या खाद्यापासून वेगळा. सगळ्यात जास्त फरक आपल्या हातापायांनी पडतो, त्यामुळे सकाळी आधी पोपटाचं सगळं उरकायचं, मग खुराड्याकडे जायचं, उलट कधीच नाही. आमच्याकडे आता कोंबड्या आई बघते, खुराड्याची चप्पल मागच्या दाराबाहेरच राहते आणि आमचा कॉकाटेल चिकू माजघरात असतो.

एखादी कोंबडी मान मुरगळून गोल फिरायला लागली किंवा दोन-चार एकदम मेल्या तर मेलेल्या पक्ष्यांना हात लावू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लू निघाला तर एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या नष्ट करतात आणि पक्षी आत-बाहेर नेण्यावर बंदी येते, म्हणजे तेव्हा पोपट पाहुण्यांकडे नेऊन ठेवू म्हटलं तरी जमणार नाही. २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात हेच झालं. म्हणून पोपट कुठे ठेवायचा ते गावी जाण्याआधीच ठरवा.