ओली चाकं, घासलेला सांधा आणि ८९,००० रुपये : जुनी बैलगाडी घेताना झालेली फसवणूक

एकूण ८९,००० रुपये गेले. गाडीचे ४६,०००, दुरुस्तीचे ३८,५००, टेम्पोचे ४,५००. यातले फक्त ३८,००० यूपीआयने दिलेले, त्याचाच पुरावा आहे. बाकीचे ५१,००० रोख दिले आणि एका रुपयाची पावती नाही. हे लिहिताना लाज वाटते, कारण लाकडी चाक मला नवीन नाही. याआधी तीन गाड्यांची चाकं समोर उभं राहून बांधून घेतली आहेत. तरीही फसलो. ज्यांना चाकातलं काही कळत नाही त्यांना ही टोळी किती सहज गुंडाळत असेल, या विचाराने राग येतो, म्हणून लिहितोय.

जाहिरात नेहमीसारखीच होती. सागवानी साटी (वरची फळ्यांची बैठक), शिसवी तुंबे (चाकांच्या मधले ठोकळे), घडीव आख (दोन्ही चाकं ज्यावर बसतात तो लोखंडी दांडा), तीन पिढ्यांची गाडी, ‘पुराचं पाणी न लागलेली’. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर कोल्हापुरात जुनं लाकूड घेणारा पहिला प्रश्न पुराचाच विचारतो, म्हणून ते आधीच लिहून टाकलेलं. ऊस कधीच टायरच्या गाड्यांवर गेला, लाकडी चाकाच्या गाड्या गोठ्यामागे पडल्या आणि आता हॉटेलवाले, फार्महाऊसवाले त्या शोधत फिरतात, हे तुम्हाला माहीत आहेच. ६०,००० सांगितले, ४६,००० ला तुटलं. ३,००० टोकन दिलं. पुढचे २०,००० ज्या खात्यावर पाठवायला सांगितले ते तिसऱ्याच माणसाच्या नावावर होतं. ‘मेव्हण्याचं हाय’ म्हणाला. खात्याचं नाव आणि विकणाऱ्याचं नाव जुळत नसेल तर तिथेच फोन ठेवा. कुठलंही नातं सांगितलं तरी ठेवा.

आता तो क्षण. फेब्रुवारीची संध्याकाळ, साडेसहा वाजलेले, शेडमध्ये एकच बल्ब. गाडी जळक्या ऑईलने काळीभोर केलेली. दोन्ही चाकांखालची जमीन ओली होती. नुसती शिंपडल्यासारखी नाही, चिखल झालेली. बाकी सगळी शेड कोरडी. मी विचारलं, हे पाणी कसलं? तो म्हणाला, “पाव्हणं, तुम्ही येणार म्हणून सकाळीच धुऊन ठेवलीया.” आणि मी पुढे गेलो. सकाळी धुतलेल्या चाकाखाली संध्याकाळपर्यंत चिखल राहतो का? साटी कोरडी आणि फक्त चाकंच कोण धुतो? हा प्रश्न मला घरी परतताना, शिये फाट्यापाशी आल्यावर पडला. तेव्हा २३,००० रोख देऊन झाले होते.

लाकडी चाक सुकलं की ढिलं होतं. आऱ्याचं, म्हणजे तुंब्यापासून घेरापर्यंत जाणाऱ्या दांडीचं, कुसू (टोकाला कोरलेली जीभ) तुंब्याच्या भोकात हलतं, घेराच्या बाकदार तुकड्यांच्या, म्हणजे पुठ्ठ्यांच्या, सांध्यात फट पडते आणि धाव, म्हणजे घेरावरची लोखंडी पट्टी, सैल होते. असं चाक रात्रभर पाण्यात ठेवलं की लाकूड फुगतं आणि सगळं आवळून बसतं. पूर्वी शेतकरी भर उन्हाळ्यात चाकं ओढ्यात बुडवायचे ते याच कारणाने, पण तो दोन दिवसांचा उपाय असतो. चाकावर लाकडी हातोडीने टकटक केली तर घट्ट चाक खणखणीत बोलतं, ढिलं चाक बद्द वाजतं. मी ठोकून पाहिलं होतं. चाक खणखणीत बोललं. भिजवलेलं होतं म्हणून बोललं. माझी परीक्षा त्याला माझ्याआधी माहीत होती. आणि ठोकलं तेही एकच चाक, दुसरं भिंतीला टेकवलेलं होतं. ‘आता अंधारात कुठं हलवताय’ म्हणाला, मी ऐकलं. भिंतीला टेकवलेलं चाक बाहेर काढायला लावा, नाहीतर परत या. लाकडातलं पाणी मोजायचं छोटं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात आणि ऑनलाइन मिळतं, त्याच्या दोन सुया पुठ्ठ्यात टोचायच्या. वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड फेब्रुवारीत १२ च्या आसपास दाखवेल. २० च्या वर आकडा गेला तर लाकूड भिजवलेलं आहे.

खुणा आणखीही होत्या. तुंब्याच्या मागे बोट घातलं तर बोटाला राखाडी, पिठासारखी बारीक माती लागली. मी धूळ समजून रुमालाला पुसली. शेतातली माती तशी नसते. काळ्या रानाची माती ढेकळाने चिकटते, वंगणात मिसळून काळा गोळा होतो. पिठासारखा गाळ पुराच्या पाण्यातून येतो आणि आऱ्यांच्या भोकात, बुशच्या (तुंब्यातल्या लोखंडी नळीच्या) मागे, साटीच्या फळ्यांच्या खाचेत साचून राहतो. बाहेरून कितीही धुवा, तिथला निघत नाही. दाभण घेऊन जा, सांध्यात खुपसून ओढा आणि टोकाला काय लागतं ते उजेडात बघा. दाभण लाकडात सहज शिरलं तर आत भुंगा किंवा कूज आहे.

सुतळीने घेर मोजला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. नंतर मोजला. एक चाक १४ फूट दीड इंच, दुसरं १३ फूट १० इंच. साडेतीन इंचांचा फरक, म्हणजे व्यासात इंचापेक्षा जास्त. ही चाकं एका गाडीची नव्हतीच. एका तुंब्याचं लाकूड शिसव, दुसऱ्याचं बाभूळ, वरून जळक्या ऑईलने दोन्ही एकसारखी काळी. बाभूळ वाईट नाही, चाकाला उत्तम लाकूड आहे, पण मी पैसे शिसवीचे मोजले. जळकं ऑईल फासलेली गाडी घेऊच नका. ते भेगा लपवतं, लाकडाची जात लपवतं आणि नंतर जवसाचं तेल पाजायचं म्हटलं तर लाकूड ते पीत नाही. विकणाऱ्याला सांगा, साटीखाली टीचभर जागा रंधून दाखव. तयार नसेल तर उत्तर मिळालं.

धावेचा सांधा बघा. जुन्या धावेची दोन्ही टोकं तासून, एकावर एक ठेवून, भट्टीत तापवून ठोकलेली असतात. तिथे पट्टी थोडी रुंद आणि पातळ झालेली दिसते, सांध्याची रेष तिरकी जाते. आडवी सरळ रेष आणि तिच्या बाजूने ग्राइंडर मारल्याची चकाकी दिसली की धाव हल्ली कापून वेल्डिंग केलेली आहे. ढिली धाव कापून लहान करणं हा स्वस्तातला मार्ग. माझ्या एका चाकाला हे दोन ठिकाणी होतं, वर काळा रंग.

दुरुस्ती त्याच माणसाच्या मिस्त्रीकडे दिली, ही दुसरी चूक. तिला चूक म्हणायला अजूनही जड जातं, कारण लाकडी चाक बांधणारा सुतार आणि धाव चढवणारा लोहार एकत्र मिळणं किती अवघड झालंय हे शोधणाऱ्यालाच माहीत. चार गावं फिरलो होतो. ‘आमच्याकडंच दोघं हायत, काय काळजी करू नगा’ हे ऐकून सुटल्यासारखं वाटलं. १५,००० आगाऊ, १२,००० ‘लाकूड आणलं’ म्हणून आणि ११,५०० गाडी ताब्यात देताना. ठरलं होतं ते असं : लहान चाकाचे सहाही पुठ्ठे आणि बाराही आरे वाळलेल्या बाभळीचे नवे, घेर मोठ्या चाकाइतका, त्याला नवी धाव आणि दोन्ही धावा तापवून चढवायच्या.

धाव चढवायची रीत सांगतो, म्हणजे काय झालं नाही ते कळेल. चाकाचा घेर बाहेरून मोजतात, धावेचा आतून. १४ फुटी चाकाला धाव साधारण इंचभर कमी ठेवतात. मग शेणी (गोवऱ्या) रचून, धाव आडवी ठेवून सगळीकडून सारखी तापवायची. लाल होऊ लागली की ती तेवढी वाढते, सांडशीने उचलून चाकावर टाकायची, घण मारून बसवायची आणि लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचं. थंड होताना ती आवळते आणि पुठ्ठे, आरे, तुंबा सगळं आत दाबते. यासाठी पुठ्ठ्यांच्या सांध्यांत आधी सूतभर, म्हणजे अगदी बारीक, फट ठेवावी लागते. फट न ठेवता पुठ्ठे एकमेकांना भिडवले तर धाव नुसत्या पुठ्ठ्यांना आवळते, आऱ्यांपर्यंत जोर पोचतच नाही. धाव फार कमी ठेवली तरी घात, आरे वाकतात.

माझ्या चाकांना धाव थंडच घातली होती. वेल्डिंग करून जेमतेम मापाची केली, ठोकून बसवली आणि पुठ्ठ्याला भोकं पाडून सहा ठिकाणी बोल्ट मारले. बोल्टची डोकी घासून वर रंग. खऱ्या चढवलेल्या धावेला बोल्टची गरज नसते आणि पुठ्ठ्याच्या बाहेरच्या कडेला जळाल्याची काळी रेघ राहते. ती रेघ शोधा. नव्या आऱ्यांपैकी चारच बाभळीचे निघाले, आठ आंब्याचे. आंब्याचं लाकूड फळीला ठीक, आऱ्याला नाही, भार आला की कुसूपाशी चिरडतं. सांध्यांत भुसा आणि फेविकॉल कालवून केलेली लांबी (पुटी) भरलेली. कामाच्या दिवशी समोर हजर राहण्याचा आग्रह धरला होता, तर ‘काल रात्रीच चढवली, लोहार सापडला म्हणून’ असं सांगितलं. धाव चढवताना तुम्हाला बोलावलं नाही तर शेवटचा हप्ता देऊ नका. मी दिला.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात चाकं सुकली. उजव्या चाकाची धाव दोन बोल्ट तोडून तिरकी झाली, पाच आरे हाताने फिरायला लागले. गाडी जागेवर उभी होती, एक पोतंही लादलेलं नव्हतं. दुसऱ्या जाणत्या सुताराने दोन्ही चाकं नव्याने बांधायचे ३४,००० सांगितले आहेत.

चाकं काढली तेव्हा सगळ्यात वाईट गोष्ट कळली. आख बदललेला होता. पहिल्या दिवशी मी ज्याचा फोटो काढला तो दीड इंची चौकोनी घडीव आख, दोन्ही टोकांना हाताने घडवून गोल केलेला, हातोडीचे ठसे असलेला. आता आत होता लेथवर फिरवलेला भंगारातला शाफ्ट. मूळ आख सुमारे वीस किलोचा, या गाडीत खरं जुनं असं तेवढंच होतं, आणि ते दुरुस्तीच्या नावाखाली काढून घेतलं. गाडी दुरुस्तीला देताना प्रत्येक सुटा भाग मोजा, फोटो काढा, त्यावर स्वतःची खूण करा आणि यादीवर मिस्त्रीची सही घ्या.

पोलिसांकडे गेलो. पहिल्या ठाण्यात म्हणाले, शेड आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठाण्यात म्हणाले, पैसे तुम्ही घरून पाठवले, तिकडे जावा. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी खबर नोंदवून घ्यावी लागते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट लिहिलंय. मी छापील कागद पुढे केला. कागद वाचलाही नाही. तिसऱ्या खेपेला सांगितलं, “व्यवहार तुमच्यात झालाय, गाडी तुमच्या दारात हाय, मग फसवणूक कसली? कोर्टात जावा.” गाडी दारात आहे म्हणून फसवणूक नाही! शिसव सांगून बाभूळ देणं, माझा आख काढून घेणं, बाभळीचे पैसे घेऊन आंबा घालणं, हे सगळं दिवाणी? आखाचे आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवून दाखवले तर उत्तर आलं की लोखंडाच्या दांड्याची कसली फिर्याद लिहायची. वीस किलो ऊस चोरला असता तर लिहिली असती का, असं मी विचारलं, तर मलाच आवाज कमी करायला सांगितलं. पाच खेपा, प्रत्येक वेळी दोन-तीन तास बाकड्यावर. अर्जाची पोच मिळायलाच तीन खेपा गेल्या. एकानेही शेडपर्यंत जायची तसदी घेतली नाही, आणि चौथ्या खेपेपर्यंत शेड रिकामी झाली. पहिल्याच दिवशी कोणी गेलं असतं तर आख तिथेच सापडला असता, असं मला आजही वाटतं.

तुमच्यावर वेळ आली तर तोंडी बोलत बसू नका. लेखी अर्ज द्या, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लिहा, पोच घ्या. नोंदवत नसतील तर तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. टोकन घेऊन माणूस फोनच उचलत नसेल तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा. दुरुस्तीचे पैसे ही सेवा आहे, त्यासाठी ग्राहक आयोगात जाता येतं, मुदत दोन वर्षांची, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही. मी तक्रार दाखल केली आहे. खिडकीवर मला पहिला प्रश्न पक्क्या बिलाचा विचारला. ३८,००० चे यूपीआयचे पुरावे आहेत, पण त्यातले दुरुस्तीचे फक्त १५,०००. दुरुस्तीचे उरलेले २३,५०० रोख गेले, ते सिद्ध कसे करणार? रोख मागितली की ‘बँकेतनं पाठवतो’ एवढंच म्हणा. खरा विकणारा नाही म्हणत नाही.

मोडलेली चाकं मी सावलीत, विटांवर आडवी ठेवली आहेत, पुरावा म्हणून. वेल्डिंगचे सांधे आणि बोल्ट तसेच आहेत. आणि तो आख कोल्हापूर, सांगली, निपाणीकडे भंगारात किंवा एखाद्या सजवलेल्या गाडीत दिसला तर ओळखा : एका टोकापासून चार बोटांवर, चौकोनी भागावर, छिन्नीने मारलेल्या तीन आडव्या खुणा आहेत, मधली बाकी दोघींपेक्षा लांब. दुसऱ्या टोकाचं, चाक निसटू नये म्हणून घालतात त्या खिळीचं भोक गोल नाही, चपटं आहे. दिसला तर घेऊ नका, फोटो काढा आणि कळवा.