पक्ष बदलायचा तर राजीनामा देऊन की दोन-तृतीयांशांचा गट करून?

निवडून आल्यावर भूमिका बदलली, तर सरळ मार्ग एकच: राजीनामा द्या आणि पुन्हा मतं मागा. उदयनराजे भोसले मे २०१९ मध्ये राष्ट्रवादीकडून साताऱ्याचे खासदार झाले, सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांकडून हरले. पोटनिवडणुकीचा खर्च सरकारी तिजोरीवर पडतो हे खरं, पण मतदाराला निदान विचारलं जातं.

दुसरा मार्ग राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातला, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यातला. १९८५ च्या या तरतुदीत आधी पक्षाचे एक-तृतीयांश आमदार किंवा खासदार फुटले तरी चालायचं. २००३ मध्ये ते बंद झालं, दोन-तृतीयांशांच्या विलीनीकरणाची पळवाट मात्र राहिली.

गोव्यात २०२२ मध्ये काँग्रेसचे ११ आमदार होते. त्यांचे दोन-तृतीयांश म्हणजे ७.३३, म्हणून ८ लागतात. ७ गेले तर डोक्यावर अपात्रतेची टांगती तलवार. सप्टेंबरमध्ये नेमके ८ भाजपमध्ये गेले. त्याच वर्षी जानेवारीत काँग्रेसच्या उमेदवारांनी देवळात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात पक्ष न सोडण्याची शपथ घेतली होती! त्या शपथेवर विसंबून ज्यांनी बटण दाबलं, त्यांना कुणी विचारलंच नाही. अपात्रतेची याचिका जाते सभापतींकडे, आणि ती निकाली काढायला परिशिष्टात मुदत घातलेली नाही.